जागा लाखावर, परीक्षेला निम्मेही नाहीत : बीबीए-बीएमएस सीईटीचे प्रकरण

२०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या व्यवस्थापन शिक्षणात एक मोठी घडामोड झाली. ‘रिक्त जागा’ या बातमीपुरती तिची चर्चा झाली आणि विरली. बीबीए, बीएमएस, बीबीएम (व्यवस्थापन) आणि बीसीए (संगणक) या पदवी अभ्यासक्रमांना राज्याने प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, लावली. राज्यभरात जागा एक लाख आठ हजारांच्या घरात आणि पहिल्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी सुमारे ४८ हजार. बसलेल्या प्रत्येकाला प्रवेश दिला तरी निम्म्याहून अधिक बाके रिकामी राहणार होती. त्याच दिवसांत गावोगावच्या महाविद्यालयांत बारावीची गुणपत्रिका घेऊन मुले येत होती आणि ‘सीईटी दिली नाही, म्हणून बीबीएला घेता येत नाही’ हे ऐकून परत जात होती.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित बीबीए विभागात शिकवतो. आमच्या महाविद्यालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण जे आमच्याकडे झाले तेच राज्यभर आमच्यासारख्या अनेक ठिकाणी झाले. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. व्यवस्थापन शिक्षण सुधारायची निकड आहे आणि त्यात नियामकाने लक्ष घालणेही गरजेचे होते. पण सुधारणा दारापाशी थांबली, वर्ग होता तसाच राहिला.

हे अभ्यासक्रम तालुक्यापर्यंत कसे आले

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे वाणिज्य शिक्षणाची परंपरा आहे. व्यवस्थापन मात्र वेगळ्या वाटेने आले. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम उभ्या राहिल्या. पहिलीला एमआयटीचा हात होता, दुसरीला हार्वर्डचा. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. या सगळ्या पदव्युत्तर शिक्षणाच्या संस्था. विद्यार्थी पदवीधर, वर्ग लहान, इंग्रजी पक्की आणि शिक्षक पूर्ण वेळचे, हे गृहीत धरूनच तिथली शिकवण्याची पद्धत बसवली होती.

पदवी पातळीवर व्यवस्थापन उतरले ते नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतर. मुंबईकडे बीएमएस, पुणे-कोल्हापूरकडे बीबीए. ही तुकडी काढायला सरकारचे अनुदान लागत नव्हते, प्रयोगशाळा लागत नव्हती, फी मात्र बीकॉमपेक्षा बरी मिळत होती. संस्थाचालकांना हा हिशेब सोपा होता. पालकांनाही ‘बीकॉमपेक्षा काहीतरी वरचे’ हवे होते. अभ्यासक्रम वाढत गेले ते या दोन गरजांवर. पुस्तके आणि प्रकरणे (केस स्टडी) पदव्युत्तर वर्गाची, मुलगा बारावीतून आलेला आणि शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, ही विसंगती तेव्हापासूनची आहे. सीईटीने ती निर्माण केली नाही.

नियामक का आला

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, १९८७ च्या कायद्याने वैधानिक संस्था झाली. त्या कायद्यातल्या तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुकला, औषधनिर्माण यांच्या जोडीला ‘व्यवस्थापन’ हा शब्द पहिल्यापासून आहे. त्यामुळे एमबीए परिषदेच्या कक्षेत होते. पदवीचे अभ्यासक्रम मात्र विद्यापीठांच्या वाणिज्य विद्याशाखेखाली चालत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए आपल्या कक्षेत घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केले. व्यावसायिक अभ्यासक्रम म्हटला की महाराष्ट्रात सीईटी आणि राज्यभरच्या जागा एकाच ठिकाणाहून वाटणारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आलीच.

हे पाऊल चुकीचे होते असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी दोन खोल्यांत बीबीए चालत होते. कुठे फी किती घ्यायची याला धरबंध नव्हता. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीवर राज्यात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण बसवले आहे, त्याचा धाक या अभ्यासक्रमांनाही असायला हवा, हे मला पटते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण फीमाफी दिली. तिची अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. एका अर्थाने आमच्याकडच्या मुलींसाठी चांगले दार उघडले होते. त्या दारापर्यंत त्या पोहोचल्या का, हा खरा प्रश्न आहे.

तारखांचा हिशेब

आता बारावीच्या मुलाच्या बाजूने ते वर्ष पाहू. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि मार्चमध्ये संपली. बीबीए सीईटीचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये भरायचे होते. बारावीचा निकाल लागला २१ मे रोजी. अर्जाची मुदत त्याच्या आधीच संपलेली होती. सीईटी झाली मेच्या अखेरीस.

इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाणारा मुलगा अकरावीपासून सीईटीच्या गोष्टी ऐकतो. त्याचा क्लास, त्याचे मित्र, घरचे, सगळे त्याला तारखा सांगतात. वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलाचे तसे नसते. तो निकाल लागल्यावर ठरवतो. ‘टक्के किती पडले’ यावरून घरात बोलणे होते, मग कोणत्या महाविद्यालयात जायचे ते ठरते, मग अर्ज. पिढ्यान्‌पिढ्या वाणिज्य शाखेचा प्रवेश असाच झाला आहे. नव्या नियमाने त्याला निकालाच्या आधी, एप्रिलमध्ये, अजून न ठरवलेल्या अभ्यासक्रमासाठी पैसे भरून नाव नोंदवायला सांगितले. आणि हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. आमच्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्या मार्चमध्ये शिक्षकांनाही याची धड कल्पना नव्हती. बोर्डाचे पेपर, पर्यवेक्षण, पेपर तपासणी, त्यात बीबीएची सीईटी कोणाच्या ध्यानात राहणार?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक वडील मुलीला घेऊन आले. द्राक्षबाग आणि थोडा ऊस असलेले घर. मुलीला वाणिज्य शाखेत चांगले गुण. घरात आधी कोणी पदवीपर्यंत गेलेले नाही. तिला बीबीएच करायचे होते, कारण तिची चुलतबहीण आमच्याकडे शिकून पुण्यात नोकरीला लागली होती.

‘सीईटी दिलीस का बाळ?’ मी विचारले.

ती वडिलांकडे पाहू लागली. वडील म्हणाले, ‘सर, ती तर इंजिनिअरिंगला असतीया न्हवं?’

मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘म्हंजे जागा हाय, पोरगी हाय, मार्क हायती, आन् ॲडमिशन न्हाई?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पुढे अतिरिक्त सीईटी जाहीर झाली, ती ४ ऑगस्टला झाली. तोवर बीकॉमचे वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. मुलीने बीकॉमला नाव घातले होते, पासही काढला होता. घरचे म्हणाले, राहू दे आता. साठांच्या तुकडीत त्या वर्षी आमची निम्मी बाकेही भरली नाहीत, त्याचे कारण अशा घरांमध्ये शोधायला हवे.

निवड न करणारी परीक्षा

प्रवेश परीक्षेचे काम एकच असते. उमेदवार जास्त, जागा कमी, मग कोणाला घ्यायचे हे ठरवणे. इथे जागा उमेदवारांच्या दुपटीहून जास्त होत्या. अशा ठिकाणी परीक्षा गुणवत्तेची चाळणी लावूच शकत नाही. पाच पर्सेंटाइलवाल्यालाही जागा आणि नव्वदवाल्यालाही जागा. मुंबई-पुण्यातली मोजकी नामवंत महाविद्यालये सोडली, तर या परीक्षेने कोणाला मागे-पुढे केलेच नाही. तिने मुलांची विभागणी केली ती एप्रिलमध्ये अर्ज भरलेले आणि न भरलेले अशी. अर्ज कोण भरू शकले? ज्यांच्या घरात कोणीतरी शिकलेले होते, जे शहरात होते, ज्यांच्या क्लासने सांगितले. परीक्षेने बुद्धीच्या नावाखाली माहिती मोजली.

परीक्षेचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे. त्यातले चाळीस इंग्रजीचे, तीस तर्कक्षमतेचे आणि उरलेले तीस सामान्यज्ञान व संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. अंकगणित म्हणून वेगळा विभागच नाही. व्यवसाय शिकायला येणाऱ्या मुलाला शेकडेवारी येते का, नफा-तोटा कळतो का, तक्ता वाचता येतो का, हे परीक्षा थेट विचारत नाही. इंग्रजीचे वजन मात्र सर्वाधिक. इंग्रजी लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते तीन वर्षांत शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयाची आहे. दारातच त्याला सर्वाधिक गुण देऊन ती झटकता येत नाही.

हीच गोष्ट वरच्या पायरीवर, एमबीएच्या सीईटीत, आधीपासून आहे. तिथे दोनशे प्रश्न दीडशे मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. घाईने पर्याय निवडण्याचे कौशल्य यात तपासले जाते. व्यवस्थापकाचे निम्मे काम असते ते थांबून विचार करण्याचे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचे आणि तो समोरच्याला पटवण्याचे. यातले काहीही पाऊण मिनिटात मोजता येत नाही. एमबीएला निदान उमेदवार खूप असतात, चाळणी लागतेच, म्हणून परीक्षेला काही आधार आहे. बीबीएला तोही नव्हता.

नाव बदलण्याची पळवाट

नियम आले की वाटा निघतात. मुंबईसह अनेक ठिकाणी महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. बीएमएसचे बीकॉम झाले आणि कंसात ‘व्यवस्थापन अभ्यास’ आले. विषय तेच, शिक्षक तेच, खोली तीच. नाव बदलल्याने अभ्यासक्रम परिषदेच्या कक्षेबाहेर गेला, सीईटी सुटली, बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू झाले. महाविद्यालयांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या जागी बसून पाहिले की हे अपरिहार्य वाटते. विनाअनुदानित तुकडीचे सगळे पगार फीवर चालतात. बाके रिकामी राहिली की पहिली गदा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर येते. आमच्याकडे त्या वर्षी एका सहकारी मॅडमचे तास निम्म्यावर आले. लेखाशास्त्र इतके सोपे करून शिकवणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी आता गावात क्लास काढला आहे.

खासगी विद्यापीठांना ही अडचणच नव्हती. विद्यापीठांना परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात २००१ मध्येच सांगितले आहे. त्यांची स्वतःची प्रवेश पद्धत, त्यांच्या मोठ्या जाहिराती. ज्या घराला लाखभर रुपये फी परवडते त्या घरातल्या मुलाला २०२४ मध्ये व्यवस्थापनाची पदवी घ्यायला काहीही आडवे आले नाही. आडवे आले ते तालुक्याच्या महाविद्यालयात माफक फीमध्ये शिकू पाहणाऱ्याला. दर्जा सुधारण्याच्या उपायाचा भार सर्वांत कमकुवत खांद्यावर पडला, याची खंत मला सर्वाधिक वाटते.

आणि फीमाफीचे काय झाले? केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या मुलीला सवलत, आणि महाविद्यालयाने त्याच प्रक्रियेतून सुटण्यासाठी नाव बदललेले. एका कार्यालयाने दिलेले दुसऱ्या कार्यालयाच्या नियमामुळे हातून निसटण्याची ही व्यवस्था झाली. २०२५ मध्ये परीक्षा लवकर घेतली गेली, माहितीही अधिक पोहोचली, तरी जुलैत पुन्हा एक अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली.

दाराच्या आत

इथपर्यंतचे सगळे प्रवेशाबद्दल झाले. आता वर्गाबद्दल, कारण माझ्या मते हे प्रकरण तिथे सुरू व्हायला हवे होते.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प अहवाल असतो. दरवर्षी तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबलावर काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे अहवाल रचलेले असतात. शीर्षके इंग्रजीत आणि बहुतेक एकाच साच्यातली : अमुक शोरूमच्या ग्राहकांचे समाधान, तमुक बँकेच्या कर्मचाऱ्यांचे मनोबल. आत पन्नास जणांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला एक वर्तुळाकार आलेख आणि आलेखाखाली तोच आकडा पुन्हा वाक्यात. शेवटी सूचना : कंपनीने जाहिरात वाढवावी. मी एकदा एका मुलाला विचारले, ‘या पन्नास जणांपैकी एकाचे तरी उत्तर तुला आठवते का रे?’ तो गप्प राहिला. बाहेरचे परीक्षक म्हणाले, ‘जाऊ द्या सर, सगळीकडे असेच आहे.’ त्या मुलाचे वडील अडत दुकानात मुनीम आहेत. उचल, हुंडेकरी, तूट, पट्टी, वाढावा हे शब्द तो लहानपणापासून ऐकत आला आहे. त्याच्याकडे जे व्यवसायाचे खरे ज्ञान होते त्याला अहवालात कुठेही जागा नव्हती.

म्हणून मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक प्रयोग करतो. आमच्या भागात बेदाणा हा मोठा व्यवहार आहे. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षे शेडवर येतात, डिपिंग होते, म्हणजे ती द्रावणात बुडवतात, मग रॅकवर सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मग प्रतवारी, खोक्यात भरणे आणि कोल्ड स्टोरेज. सांगली-तासगावच्या सौद्यात तो कधी काढायचा, हा शेतकऱ्यापुढचा वर्षातला सर्वांत मोठा निर्णय. मी फळ्यावर एक सोपे उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते, बाजारभाव नव्हेत.

समजा दोन टन बेदाणा आहे. आज विकला तर दीडशे रुपये किलोने तीन लाख येतात. थांबायचे तर घरखर्चाला एक लाख लागणार. अडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि महिना दीड टक्का व्याज धरले तर सहा महिन्यांचे नऊ हजार. कोल्ड स्टोरेजचे भाडे किलोला महिना पाऊण रुपया धरले तर सहा महिन्यांचे आणखी नऊ हजार. एकूण अठरा हजार, म्हणजे किलोमागे नऊ रुपये. भाव नऊ रुपयांपेक्षा जास्त चढला तरच थांबण्यात अर्थ. आता उचल न घेता पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतून वार्षिक सहा टक्के व्याजाने लाख रुपये मिळाले तर व्याज तीन हजार. एकूण बारा हजार, किलोमागे सहा रुपये.

इथपर्यंत ‘ब्रेक-इव्हन’, म्हणजे ना नफा ना तोट्याचा हिशेब, झाला. पाठ्यपुस्तकात त्यावर एक प्रकरण आहे, मुले सूत्र पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. फळ्यावरचे उदाहरण ती विसरत नाहीत, कारण वाद तिथून पुढे सुरू होतो.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी इंग्रजीत उत्तर द्यायचे म्हणून तोंड न उघडणारी. म्हणाली, ‘सर, उरलेल्या दोन लाखांचे काय? ते आज आले असते तर सोसायटी भरता आली असती. मुदतीत भरली नाही तर शून्य टक्क्याची सवलत जाते.’ सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तरच व्याज माफ होते, हे तिला घरी माहीत होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला संधी-खर्च म्हणतात, आणि त्याची व्याख्या तिने मागच्या सत्रात लिहिलीही होती. दुसरा म्हणाला, ‘सहा महिन्यांत रंग उतरला तर प्रत घसरेल.’ तिसरा म्हणाला, ‘तारण योजनेचे कागद करायला चकरा मारायला लागतात, अडत्या एका फोनवर पैसे देतो, त्याची पण किंमत धरा.’ मग वर्गात प्रश्न उभा राहिला : अडत्या महाग असूनही शेतकरी त्याच्याकडेच का जातो? तास संपला तरी मुले हलली नाहीत. वित्त, विपणन, मानवी वर्तन, ग्राहकसेवा, सगळे विषय त्या एका प्रश्नात आले होते आणि चर्चा मराठीत चालली होती. नंतर तेच सगळे मी त्यांना इंग्रजीत दोन पानांत लिहायला लावतो. तेव्हा इंग्रजीही लिहिली जाते, कारण सांगण्यासारखे काही हातात असते.

हार्वर्डने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर प्रकरण (केस स्टडी) लिहिले आणि ते जगभर शिकवले जाते. त्याचा अभिमान वाटतोच. पण सांगलीचा हळद आणि बेदाणा बाजार, इचलकरंजीचे यंत्रमाग, कोल्हापूरच्या फौंड्री, लासलगावचा कांदा, सोलापूरची चादर, यांवर आपल्या विद्यापीठांनी वर्गात वापरण्याजोगी, खऱ्या आकड्यांची, निर्णयाच्या टोकाशी आणून सोडणारी प्रकरणे किती लिहिली? माझ्यासारख्या शिक्षकाला ती हाताशी मिळत नाहीत. प्रत्येकाने आपापले उदाहरण फळ्यावर रचायचे. ज्याला आठवड्याला वीस-बावीस तास घ्यायचे आहेत आणि महिनाअखेर पगार हातात पडेल की नाही याची खात्री नाही, तो का रचेल?

कशाला हात घालायला हवा

प्रवेशाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ज्या अभ्यासक्रमात उमेदवारांपेक्षा जागा जास्त आहेत तिथे बारावीच्या गुणांवर केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश द्यावा आणि सीईटी ऐच्छिक ठेवावी. ज्या महाविद्यालयांकडे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात त्यांनी ती वापरावी. अर्जाची खिडकी निकालानंतर किमान दोन आठवडे उघडी असावी. असे केले तर फीवर नियंत्रण राहते, मुलींची फीमाफी राहते आणि नाव बदलण्याची गरजही संपते. परीक्षा ठेवायचीच असेल तर तिची भाषा इंग्रजीबरोबर मराठीही असावी आणि तिच्यात अंकगणित असावे.

खरे अवघड काम पुढचे आहे. परिषद जमीन, खोल्या, संगणक, ग्रंथालय यांची माहिती मागते, ती मागावी. त्याच्या जोडीला तीन गोष्टी मागाव्यात : विभागात पूर्ण वेळचे, नियमित वेतनावरचे शिक्षक किती, त्यांतल्या किती जणांनी गेल्या पाच वर्षांत एखाद्या उद्योगात, बाजार समितीत, सहकारी संस्थेत महिनाभर तरी काम केले, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प सार्वजनिक आहेत का. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवायचा ठरला तर विकतचे अहवाल एका वर्षात थांबतील, कारण तीच पाने दुसऱ्या गावात निघाली की सगळ्यांना दिसतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण श्रेयांकांसह आले आहे, आणि ही चांगली संधी आहे. पण आमच्या गावात कंपन्या नाहीत. साठ मुलांना कुठे पाठवायचे, म्हणून प्रमाणपत्रे गोळा होतात. गावात जे आहे ते मोजायला हवे. विकास सोसायटी, दूध संघ, पतसंस्था, कोल्ड स्टोरेज, शेतकरी उत्पादक कंपनी, ट्रॅक्टरचे शोरूम, मोठे किराणा दुकान, मेडिकल दुकानांचा घाऊक विक्रेता, यांतले प्रत्येक ठिकाण व्यवस्थापनाची शाळा होऊ शकते. विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षणाचे ठिकाण म्हणून मान्यता द्यावी आणि मुलाकडून प्रमाणपत्राऐवजी एकच कागद घ्यावा : तिथे चालू असलेला एक निर्णय, त्याचे आकडे, त्याने सुचवलेला पर्याय आणि त्यावर मालकाचे किंवा सचिवाचे मत. तोंडी परीक्षेला त्या मालकालाही बोलवावे. आमच्याकडे एकदा पतसंस्थेचे सचिव आले होते. मुलाने थकबाकी वसुलीवर जे सुचवले होते ते ऐकून ते म्हणाले, ‘हे मागच्या वर्षी केले असते तर बरे झाले असते.’ मिळालेल्या अठरा गुणांपेक्षा त्या वाक्याने मुलाला जास्त शिकवले असेल.

शिक्षकांचा प्रश्न सोडवल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही, हे मी पुन्हा सांगतो. विनाअनुदानित तुकडीला निदान दोन पूर्ण वेळ पदे शासनाने अनुदानावर द्यावीत, किंवा फी ठरवताना शुल्क प्राधिकरणाने शिक्षकांच्या खात्यावर प्रत्यक्ष जमा झालेले वेतन पाहावे आणि तेवढाच खर्च मान्य करावा. दुसऱ्या उपायाला सरकारचा एक रुपयाही लागत नाही. बँकेचे विवरण मागवायचे, एवढेच.

त्या सहकारी मॅडमना आम्ही पुढच्या सत्रासाठी पुन्हा विचारले आहे. त्यांची अट एकच होती : तास पूर्ण हवेत आणि नेमणुकीचे पत्र जूनमध्ये हवे. संस्थेकडे तसा अर्ज गेला आहे.